टाकीत काय होतं?

गारांगो,
३ नोव्हेंबर १९९८

प्रिय बेसाना बायाला,

कुत्र्याच्या मुंडक्यापायी सोयरीक मोडणाऱ्या थोर गुरुन्सी कुळाच्या दिव्याला मिनाता बांसे हिचा नमस्कार. घर कसं आहे? घरची माणसं? थंडी कशी आहे, काम कसं आहे, गुडघे काय म्हणतात? इकडे घर बरं, थंडी बरी. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण माझं कोणीच ऐकत नाही, तेव्हा त्यांना तरी काय बोलायचं?

इतक्या वर्षांनी पत्र बघून तुझी बायको विचारेल, ही बाई कोण. सांग तिला, एक बिस्सा आहे, घरातल्या शेंगा संपल्या म्हणून गुरुन्सीच्या दारात आली. आपल्या पणजोबांनीच ठरवून दिलंय की गुरुन्सीने बिस्साला शेंगाखाऊ म्हणायचं, बिस्साने गुरुन्सीला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कोणीच नाही. मी पडले परंपरा पाळणारी.

तुझा पत्ता बातिओनो गुरुजींनी दिला. तेच, प्राथमिक शाळेतले, तुमच्यातलेच. आधी म्हणाले, "कशाला हवाय?" मी म्हटलं, फटफटीसाठी. मग दिला.

तर आता फटफटीचं. गिनी अजून जिवंत आहे! बहात्तर सालची ती शंभर सीसीची. गिनी कोंबडीसारखी कलकलते म्हणून गावाने तिचं नाव गिनी ठेवलं होतं, आठवतं ना? मार्चमध्ये मी निवृत्त झाले. पस्तीस वर्षांत अर्धं गारांगो या दोन हातांनी जगात ओढून काढलं, त्याबद्दल दवाखान्याने मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वर कोठीत पडलेली गिनी दिली. घड्याळ बंद आहे. गिनीही बंद होती, पण मी तिला सोडणार आहे होय?

माझ्या जागी क्लारिस नावाची सुईण आली आहे. काया गावची, मोसी जमातीची, चोवीस वर्षांची, हुशार पोर. दवाखान्यात तिला सगळं दिलं, गाडी तेवढी दिली नाही. आठ डिसेंबरला नदीपलीकडच्या अकरा गावांत लसीकरण सुरू व्हायचं आहे. गाडी नसेल तर बायकांनी लेकरं पाठीला बांधून इथवर चालत यायचं, असा वरून हुकूम आहे. मागच्या खेपेला अकरा गावांतून चार बायका आल्या. गोवर मात्र अकराही गावांत न चुकता गेला. म्हणून आठ तारखेच्या आत गिनी चालली पाहिजे. मी क्लारिसला तसा शब्द देऊन बसले आहे, आणि माझी जीभ कशी आहे ते तुला माहीत आहे, एकदा बाहेर पडलं की पडलं.

बाजारातल्या सुलेमान मिस्त्रीने प्लगच्या भोकातून डिझेल ओतून चार दिवस ठेवलं आणि जाम झालेला पिस्टन सोडवून दिला. पुढे हात लावायला तो तयार नाही. म्हणतो, "आई, ही गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे, मी हिला नाव घेऊन हाक मारत नाही." आठव्या किकला चालू होते. मिशनच्या विहिरीपर्यंत जाते, म्हणजे एक किलोमीटर. तिथे दम टाकते आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू. मग परत येताना विहिरीपासून घरापर्यंत. मी आणि क्लारिस सध्या फक्त विहिरीला जातो-येतो. गावाला वाटतं आम्हाला फार तहान लागते.

हिचं पोट तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. तेव्हा काय बघायचं, काय सोडायचं ते लिही. बाकी जुन्या गोष्टी जुन्या झाल्या. आपण दोघंही त्या विसरलो आहोत, तेव्हा त्यात शिरायला नको.

पत्र बसचा ड्रायव्हर ईसाका आणतोय. तुमच्या बोबो शहराच्या स्टँडवर तो एक दिवस थांबतो. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझ्या आजोबांची मालकीण,
मिनाता

*

गारांगो,
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय बेसाना,

घर कसं, माणसं कशी, थंडी कशी. सगळं बरं असेल असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात यातलं काहीच नव्हतं.

तुझं पत्र मी दोनदा उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. "श्रीमती बांसे यांस. पत्र मिळाले. पुढील चार गोष्टी पाहून कळवावे." आणि खाली चार ओळी, आणि सही. अरे, शेंगाखाऊ म्हणून एक शिवी नाही? इथला कर गोळा करणारा साहेबसुद्धा मला याहून प्रेमाने लिहितो. ईसाकाला विचारलं, माणूस आजारी आहे का? म्हणाला, "नाही, चांगला जाड आहे. वर्कशॉपमध्ये चार माणसं कामाला आहेत." ऐकून बरं वाटलं. जाड आहेस ना, मग ठीक.

आता तुझ्या ओळी.

पहिली. प्लग काढून रंग सांगावा. काढला. काळा, ओला, तेलकट. बोट लावलं तर बोट काळं, आणि ते बोट चुकून क्लारिसच्या पांढऱ्या कोटाला लागलं तर तोही काळा. ती बाई माझ्याशी तासभर बोलली नाही. तिच्यात मोसीचा ताठा आहे, पण मोसींशी आमचं थट्टेचं नातं नाही, त्यामुळे मला तोंड आवरावं लागतं. फार त्रास होतो.

दुसरी. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडून कान द्यावा. विहिरीपाशी बंद पडली, मी झाकण फिरवलं, तर आत अशी हवा ओढली गेली, जसं बाळंतिणीने कळ आल्यावर श्वास घ्यावा! झाकणाचं बारीक भोक बुजलेलं होतं. सुई घालून पाहिलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. सतरा वर्षांत गिनीने भाडेकरू ठेवले होते. मग टाकीत हवा शिरणार कुठून आणि पेट्रोल खाली उतरणार कसं? भोक मोकळं केलं आणि विहिरीच्या पुढे गेलो, बेसाना! तीन किलोमीटर! सुलेमानच्या दुकानावरून मी मुद्दाम दोनदा गेले.

तिसरी. गरम असताना ठिणगी बघावी, निळी की पिवळी. तीन किलोमीटरवर बंद पडली तेव्हा बघितली. पिवळी, आळशी. गार असताना निळी होती. सुलेमान म्हणतो कंडेन्सर गेला, आणि त्याने एका मोडक्या मोपेडचा काढून बसवून दिला. आता गरम असतानाही निळी आहे. सुलेमानला तुझी प्रश्नपत्रिका दाखवली. वाचून तो म्हणाला, "हा माणूस बोबोला बसून विहिरीपर्यंत बघतो की काय?"

शिवाय मी माझ्या मनाने सायलेन्सर उघडला. तुझ्या यादीत नव्हता, पण तू असंच करायचास ते मी पाहिलं होतं. आतली नळी काजळीने इतकी भरलेली की काडीसुद्धा जाईना. ती चुलीच्या निखाऱ्यात ठेवून दिली. मी काय जाणे, इतका धूर होईल! शेजारणींना वाटलं घर पेटलं, तिघी घागरी घेऊन धावल्या आणि माझा संध्याकाळचा बाजरीचा घाटाही विझवून गेल्या. पीठ, भाजी, सगळं पाण्यात. क्लारिस हसून हसून उंबऱ्यावर बसली. आता बोलते माझ्याशी.

आजची स्थिती अशी. तिसऱ्या किकला चालू होते, सहा किलोमीटर जाते, बंद पडत नाही. फक्त गरम झाली की तळातून एक आवाज येतो. डब्यात घालून कोणी शेंगा हलवाव्यात तसा. मी म्हटलं, गिनी बिस्साकडे राहिली, शेंगा शिकली. क्लारिसला वाटतं काही नाही. मलाही तसंच वाटतं.

चौथ्या ओळीवर ईसाकाच्या चहाचा डाग पडला आहे, नीट लागत नाही. त्याने काही बिघडणार नाही असं दिसतं.

क्लारिसने आठ तारखेचा निरोप अकरा गावांना पाठवला आहे. आता फक्त हा शेंगांचा आवाज तेवढा सांग.

मिनाता

*

गारांगो,
१९ नोव्हेंबर १९९८

बेसाना,

आज थट्टा नाही.

तुझं पत्र काल आलं. मी ते क्लारिससमोर उघडलं आणि पुन्हा घडी घालून कमरेला खोवलं. ती म्हणाली, "आई, काय म्हणतात ते?" मी म्हटलं, म्हणतात बघू या. तू लिहिलेलं मला आता पाठ झालं आहे, तरी इथे उतरवते, म्हणजे मी वाचलं नाही असं मला पुन्हा म्हणता येणार नाही.

"प्लग काळा आणि तेलकट म्हणजे आपण पेट्रोलमध्ये दुप्पट ऑइल घालता. माणूस दुप्पट ऑइल का घालतो ते मला ठाऊक आहे. १९८१ साली इंजिन जाम झाले त्याची दोनच कारणे असू शकतात. एक, मी पिस्टन घट्ट बसवला. तसे असेल तर इजा वर आहे, सिलिंडर घासून घ्या, गाडी चालेल. दोन, टाकीत ऑइल नव्हते. तसे असेल तर तळचे बेअरिंगही कोरडे जळले आहे, आणि शेंगांचा आवाज तोच आहे. ते बेअरिंग भर वेगात तुटेल आणि मागचे चाक जागच्या जागी धरेल. आपण एकदा पडलात. त्या मुलीच्या पाठीला लसीची पेटी असेल. मी इथून इंजिन पाहू शकत नाही. आपण सांगाल तेच माझे डोळे. म्हणून चौथा प्रश्न पुन्हा विचारतो. त्या दिवशी टाकीत काय होते?"

चहाचा डाग नव्हता, बेसाना. तो प्रश्न मला पहिल्याच दिवशी नीट वाचता आला होता.

नुसतं पेट्रोल होतं.

बघ, लिहून झालं. तीन शब्दांना सतरा वर्षं लागली.

आता सगळं सांगते. तू इंजिन उघडून नवा पिस्टन बसवून दिलास त्याला सोळा दिवस झाले होते. मी सीमेकडच्या एका गावाहून येत होते, जुळ्यांचं बाळंतपण आटोपून. टाकी तळाला आलेली. पंपावर आपल्याला तयार मिश्रण मिळतं, ऑइल घातलेलं, त्यामुळे आपल्यापैकी कोणी कधी ऑइलचा विचार केला आहे? पेट्रोल म्हणजेच मिश्रण, असं मीही धरून चालले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई घानाहून आणलेलं पेट्रोल कॅनमधून विकत होती. मी कॅनभर घेतलं. ओतताना पाहिलं की ते पाण्यासारखं स्वच्छ आहे, आपल्याकडच्यासारखं रंगीत नाही. मनात म्हटलं, घानाचं भारी दिसतं. आणि निघाले. अठरा किलोमीटर गेले असेन. एकदम मागचं चाक धरलं, आणि मी बाजरीच्या ताटांत. समोरचा दात तिथेच राहिला.

गाढवाच्या गाडीत गिनीला घालून गावात आले तर बाजाराचा दिवस. सगळा बाजार गोळा झाला. तोंडातून रक्त येत होतं आणि कानावर शब्द येत होते: बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. त्या वेळच्या पुरुष परिचारकाने किल्लीसाठी हात पुढे केलासुद्धा होता. या भागात गाडी चालवणारी मी पहिली बाई. किल्ली गेली असती तर मी पुन्हा चालत फिरले असते, आणि माझ्यानंतरच्या सगळ्या जणीही. तू गर्दीतून पुढे आलास, गिनीपाशी बसलास, किक दाबून पाहिलीस. वर बघून काहीतरी विचारणार होतास. मला आता कळतं, तू हाच प्रश्न विचारणार होतास.

मी आधी बोलले. "गुरुन्सीने पिस्टन बसवलाय का कुत्र्याचं हाड?"

सगळा बाजार हसला. परिचारकाने हात मागे घेतला. आणि तूही हसलास! कारण हसायचंच असतं. बिस्साने टोमणा मारला की गुरुन्सीने परत मारायचा, रागवायचं नाही, शपथ घ्यायची नाही, माझी चूक नव्हती असं सांगत बसायचं नाही. सांगणाऱ्यालाच लोक हसतात. दुसऱ्या कोणी तुझ्यावर आळ घेतला असता तर तू गावच्या मुखियाकडे जाऊ शकला असतास. मी थट्टेच्या आडून घेतला, म्हणून तुझं तोंड बांधलं गेलं.

तिसऱ्या दिवशी कॅनच्या तळाला उरलेल्या पेट्रोलने मी अंगरख्यावरचा डाग धुतला. वाळल्यावर कापड कोरडं, तेलाची खूणसुद्धा नाही. तेव्हा कळलं, त्यात ऑइल नव्हतंच. त्या दिवशी तुझं दुकान दोनशे पावलांवर होतं. मी आले नाही. म्हटलं, आठवडाभरात लोक विसरतील. ते कसले विसरतात! छप्पर गळलं, बायालाने बसवलं का? दोर तुटला, बायालाची गाठ दिसते. चौदा महिन्यांनी तू दुकान बंद केलंस. बसमध्ये सामान चढवताना मी समोरून जात होते आणि तू मला हात केलास. तो हात मी इतकी वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. नवी गाडी मिळाली त्या दिवसापासून टाकीत दुप्पट ऑइल घालते. ती मोडीत जाईपर्यंत तिचे प्लग मी महिन्याला एक या दराने घालवले. चोराच्या मनात चांदणं.

आता तू म्हणशील ते. बेअरिंगचं काय करायचं ते क्लारिससाठी सांग. माझ्यासाठी काही लिहू नकोस. परवा बाजार आहे. हे सगळं मी तिथे उभी राहून मोठ्याने सांगणार आहे.

मिनाता बांसे

*

गारांगो,
८ डिसेंबर १९९८

प्रिय बेसाना,

घर कसं आहे? माणसं कशी आहेत? थंडी वाढली असेल, छाती झाकून ठेव, जाड माणसांना वाटतं आपल्याला लागत नाही.

तुझं पार्सल मिळालं. बेअरिंग, रॉड, पिन, तेलात भिजवलेल्या कागदात गुंडाळलेलं सगळं, जसं दाईने बाळ गुंडाळावं. सोबत दोन पानं. मी लिहिलेल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. नसू दे. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं: "शेंगा खात खात इंजिन जोडू नका, टरफलं आत जातील आणि लोक पुन्हा मलाच नावं ठेवतील." मी ती ओळ क्लारिसला वाचून दाखवली. मग सुलेमानला. मग ईसाकाला, ज्याने ती आणली होती. क्लारिस म्हणाली, "आई, ते तुम्हाला बोलतायत, आणि तुम्ही रडताय काय?" मोसीला काय कळणार!

आता बाजाराचं ऐक, कारण ते माझ्या कल्पनेप्रमाणे झालं नाही.

मी खाटकाच्या ओट्याशी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं: ऐका हो, एक्याऐंशी साली गिनी जाम झाली ती बायालामुळे नाही, मी ऑइलशिवाय पेट्रोल घातलं होतं! आणि लोक असे हसले, असे हसले! खाटीक म्हणाला, "मिनाता, गुरुन्सीने किती दोलो दारू पाजली?" एक म्हातारी म्हणाली, "बिस्सा गुरुन्सीची बाजू घेते? उद्या कोंबडी कोल्ह्याची घेईल." मी रडकुंडीला येऊन म्हटलं, अहो खरं सांगते! तर सुलेमान पोट धरून म्हणाला, "आई, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी!" साठ वर्षं मी गुरुन्सींची थट्टा केली, आता गुरुन्सीबद्दल खरं बोलले तर तेही थट्टेतच जमा झालं. तुझं तोंड जिथे बांधलं गेलं, तिथेच माझंही. हे मला आवडलं नाही, पण न्याय म्हणून पटलं.

बातिओनो गुरुजींकडे गेले. तेही आधी हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाले, "तुझ्या जिभेवर या गावात कोणी विश्वास ठेवणार नाही, मिनाता. तोंड बंद ठेव आणि हात चालव. पुढच्या बाजाराला बायालाच्या जुन्या दुकानाच्या जागी चटई टाक. एक पोतं शेंगा घे. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत सोलायच्या आणि आम्हा गुरुन्सींना वाटायच्या."

"एवढंच?"

"एक दाणा तोंडात टाकायचा नाही."

बेसाना, मी पस्तीस वर्षांत अडलेली बाळंतपणं काढली आहेत, पण असा दिवस नाही काढला. ताज्या शेंगा, या हंगामाच्या! गारांगोत गुरुन्सी मिळून सातजण. सातही जण आळीपाळीने येऊन समोर बसायचे, मूठभर दाणे घ्यायचे आणि माझ्या तोंडापाशी तोंड आणून चावायचे. गुरुजींची बायको म्हणाली, "छान खमंग आहेत गं, तू घे ना!" नालायक बाई. सुरुवातीला लोक हसत गेले. मग परत आले. दुपारपर्यंत कोणी हसेना. बिस्सा बाई शेंगांच्या पोत्याशी बसली आहे आणि खात नाही, हे कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी ती कोंबडी-कोल्ह्याची म्हातारी माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "मिनाता, कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "कोणी गेलं नाही, आजी. बायालाचं नाव गेलं होतं, मी घालवलं होतं." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कॅन, घानाचं पेट्रोल, किल्ली, सगळं. या वेळी माझा आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. सुलेमान मागे उभा होता. म्हणाला, "म्हणजे पिस्टन बरोबर बसवला होता?" मी म्हटलं, बरोबर होता. तो दुकानात गेला आणि गिनीचा तो जुना पिस्टन घेऊन आला, कारण इंजिन तेव्हा त्याच्याकडे उघडून पडलं होतं. चारी बाजूंनी सारखाच खरवडलेला. त्याने तो सगळ्यांच्या हातात फिरवला. "कोरडा जळलाय," म्हणाला. "माप चोख आहे. माझ्याकडे कोणी असं माप धरत नाही, मीसुद्धा नाही." तुझा पिस्टन सगळ्या बाजारातून फिरून परत आला. खाटकाने तर हात धुऊन घेतला.

गावाची जीभ मात्र रिकामी राहत नाही. काल शेजारच्या घराची भिंत पडली तर कोणीतरी म्हणालंच, "मिनाताने पेट्रोल घातलं वाटतं!" म्हणू दे. आता ते माझ्याकडे राहील. किल्ली तर कोणी मागितली नाही, उलट सुलेमानची बायको म्हणाली, मलाही शिकव.

तेंकोदोगो गावच्या लेथवाल्याकडून नवं बेअरिंग क्रँकमध्ये दाबून बसवून आणलं. जुनं बेअरिंग बाहेर काढलं तेव्हा त्यातल्या गोळ्या निळ्याकाळ्या पडल्या होत्या, दोन फुटलेल्या. क्लारिसने हातात घेऊन पाहिल्या आणि एकेक गोळी उजेडात धरली. मग म्हणाली, "हे माझ्याखाली तुटलं असतं." मी म्हटलं, हो. तिने मला रागवायला हवं होतं. तिने त्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, "ऑइल किती घालायचं ते नीट दाखवा." तुझ्या पानावरून दाखवलं. मापाने, दुप्पट नाही.

आज सकाळी ती निघाली. गिनी दुसऱ्या किकला चालू झाली. लसीची पेटी पाठीला, डोक्याला फडकं, आणि गिनीचा तो कलकलाट. रस्त्यावरच्या खऱ्या गिनी कोंबड्या सगळ्या पळाल्या. मी कान देऊन उभी राहिले. तळातून आवाज नाही. पुलाच्या पुढेपर्यंत ऐकलं, मग ऐकू येईनासं झालं. दुपारी पहिल्या गावाहून निरोप आला, झाडाखाली बायकांची रांग लागली आहे आणि गिनी रांगेच्या पुढे उभी आहे.

तर बेसाना, झालं. गाडी चालली, प्लग हवा तसा तांबूस आहे, विचारायला एकही प्रश्न उरला नाही. इतकी वर्षं मी तुला लिहायला कारण शोधत होते आणि शेवटी गिनीला पुढे केलं. आता तिच्या आड लपता येत नाही. इथे तुझ्या हाताला काही काम नाही. दुकान पुन्हा उघड असं म्हणायला माझं तोंड नाही, आणि बोबोला तुझं चांगलं चाललंय. मला माफ कर असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही, ते तुझ्या मर्जीवर.

फक्त ये. बायकोला घेऊन ये. काहीही बिघडलेलं नाही, तरी ये.

विनाकारण वाट पाहणारी,
मिनाता